नोकरी महापेला, शाळा ठाण्यात, मंडळीही ठाण्यात: आधी काय हलवायचं?

ताई, सलाम.

नाताळात सगळं घर एकत्र जमलं, वर्षभरात कुणाचं काय बदललं ते बोलणं निघालं आणि उठेपर्यंत प्रत्येकाने तुम्हाला एकेक सल्ला देऊन टाकला, असं तुम्ही लिहिलंय. वाचणाऱ्या इतरांना संदर्भ लागावा म्हणून तुमची परिस्थिती आधी थोडक्यात मांडते. घर मानपाड्याला, घोडबंदर रोडवर. यजमानांनी वागळे इस्टेटमधली नोकरी सोडून महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये नवी नोकरी धरली. पगार चांगला वाढला, पण शिफ्ट आली. तुम्ही ठाण्यातल्या खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स, चार वर्षं झाली. आता नेरुळहून बोलावणं आलंय. मुलगी आठवीत, मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, संस्थेच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत, स्टेट बोर्ड. मुलगा जूनमध्ये पहिलीत जाणार. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या, मूळच्या नगरकडच्या. यजमान मंडळीच्या समितीवर खजिनदार, तुम्ही संडे स्कूल, म्हणजे मुलांचा रविवारचा धर्मवर्ग, घेता. नणंद म्हणते कामोठ्याला या. दीर म्हणतात मुलीला आत्ताच सीबीएसईला टाका. आणि दोघांचंही म्हणणं, मंडळीतली कामं आता सोडा, जमणार नाही.

मी ठाण्यात शिक्षिका आणि पुढे मुख्याध्यापिका म्हणून नोकरी केली, आणि संडे स्कूलची जबाबदारी त्याहून जास्त वर्षं सांभाळली. त्यामुळे तुमच्यासारखी कुटुंबं मी दोन्ही बाजूंनी पाहिली आहेत: दाखला मागायला आलेली, आणि सभासदत्वाचं पत्र मागायला आलेली. त्या अनुभवातून एक गोष्ट मी ठामपणे सांगते. नोकरीच्या मागे घर, घराच्या मागे शाळा आणि उरल्या वेळात मंडळी, असा क्रम लावू नका. तुमच्या यजमानांची ही शेवटची नोकरी नाही. खासगीत पाच-सात वर्षांत पुन्हा बदल होईल, कदाचित ऐरोलीला, कदाचित उलव्याकडे, विमानतळामुळे तिकडे नवी कामं उभी राहताहेत. दर बदलाला मुलांची शाळा आणि मंडळी बदलत बसलात तर मुलांना ओळखणारं माणूस कुठेच उरणार नाही. मुलीची दहावी आधी ठरवा, मग तुमची स्वतःची नोकरी, मग घर. मंडळीतली सेवा कमी करा, पण तोडू नका.

आता सविस्तर.

यजमानांची नोकरी झालेलीच आहे, तिच्याबद्दल फार बोलत नाही. प्रोबेशन संपून कायम झाल्याचं पत्र हातात येईपर्यंत घर हलवायचा विषयही काढू नका. जुन्या कंपनीचा पीएफ काढून घेऊ नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) नव्या कंपनीकडे वर्ग करून घ्या. सलग पाच वर्षं पूर्ण होण्याआधी काढला तर कर लागतो, आणि पेन्शन योजनेचा हक्क मिळायला दहा वर्षांची सेवा लागते. मधे पैसे उचलले की ती मोजणीही तुटते. चालू आर्थिक वर्षातलं जुन्या कंपनीचं उत्पन्न नव्या कंपनीला फॉर्म १२ बी भरून कळवा, नाहीतर दोन्हीकडे सवलती धरल्या जातात आणि जुलैत विवरणपत्र भरताना एकदम मोठा कर निघतो. नव्या कंपनीच्या समूह विम्यात आईवडील धरलेत का हेही विचारा. धरले नसले तरी सासूबाईंचं वय सत्तरच्या वर आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर आणि त्यापुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. आधार कार्डावर आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. ते काढून घ्या, आणि जवळचं कोणतं रुग्णालय त्या यादीत आहे ते तुम्ही नर्स म्हणून कुणापेक्षाही लवकर शोधाल.

तुमच्या नोकरीबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण तुमच्या पत्रात ती सगळ्यात शेवटी, एका ओळीत आली आहे. आपल्या घरांत हे नेहमी होतं. नवऱ्याच्या नोकरीवरून घराचं गाव ठरतं आणि बायकोची नोकरी त्या गावात कुठेतरी बसवली जाते. पण रोज सकाळी पोराचा डबा, संध्याकाळी सासूबाईंच्या गोळ्या, शाळेचा फोन आला तर धावणं, हे कोण करतं? तुम्ही. मग घराजवळ असायला हवी ती तुमची नोकरी. नेरुळला जास्त पगार आहे हे खरं. पण तुमची चार वर्षं झाली आहेत. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीचा हक्क पाच वर्षांनी लागतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात मुदतीच्या करारावर असणाऱ्यांना एका वर्षातही ग्रॅच्युइटी आहे, पण कायम कर्मचाऱ्यांची पाच वर्षांची अट तशीच आहे. तेव्हा आधी नेमणुकीचं पत्र काढून तुम्ही कायम आहात की करारावर, ते बघा. कायम असाल तर आणखी एक वर्ष थांबण्याची किंमत काढणं सोपं आहे: शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला २६ ने भागा, १५ ने गुणा, आणि जितकी वर्षं झाली तितक्याने गुणा. नेरुळच्या वाढीव पगारातून जाण्यायेण्याचा खर्च वजा करून या आकड्याशेजारी ठेवा. माझा अंदाज, फरक वाटतो तेवढा निघणार नाही. आणि नेरुळवाल्यांना एक प्रश्न लेखी विचारा: महिन्यात किती रविवार सुट्टी, आणि ड्यूटीचा तक्ता किती दिवस आधी मिळतो? संडे स्कूलचं पुढचं सगळं त्या उत्तरावर अवलंबून आहे.

आता मुलीची शाळा. दिरांचा हेतू चांगला आहे, पण सल्ला चुकीच्या वर्षी आलाय. सीबीएसईत नववीला बोर्डाकडे नोंदणी होते आणि दहावीला थेट प्रवेश सहज मिळत नाही, बोर्डाची परवानगी लागते, तीही पालकांची बदली वगैरे ठरावीक कारणांसाठी. म्हणजे बदलायचं तर याच वर्षी, नववीच्या तोंडावर. नववीत गणित आणि विज्ञान एकदम वर चढतं. त्यात बोर्ड नवं, शाळा नवी, मैत्रिणी नव्या, वडील शिफ्टला. पहिल्या सहामाहीत गुण घसरलेली हुशार मुलं मी खूप पाहिली. बरीचशी सावरतात, पण तोवर ‘मला येत नाही’ हे मनात बसलेलं असतं, आणि ते पुसायला गुण सुधारण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तुमची मुलगी स्टेट बोर्डात व्यवस्थित चालली आहे. तिला तिथेच दहावी करू द्या. जेईई-नीटची भीती घातली असेल तर अकरावी-बारावीची पुस्तकं दोन वर्षं नीट वाचणं हे त्याचं उत्तर आहे. त्यासाठी नववीत बोर्ड बदलायची गरज नाही.

दहावीनंतर अकरावीचा प्रवेश ऑनलाइन, केंद्रीय पद्धतीने होतो. तिथे तुमच्या मुलीला दोन वाटा जास्तीच्या आहेत आणि अनेक ख्रिस्ती पालकांना त्या वेळेवर कळतच नाहीत. अल्पसंख्याक दर्जाच्या कनिष्ठ महाविद्यालयांत पन्नास टक्के जागा त्या त्या अल्पसंख्याक समाजासाठी असतात. शिवाय त्याच संस्थेच्या शाळेतून आलेल्यांसाठी दहा टक्के इनहाऊस कोटा असतो. मंडळीच्या संस्थेची शाळा आत्ता सोडून दुसऱ्या संस्थेत गेलात तर या दुसऱ्या वाटेवरचा हक्क, संस्थेचं कनिष्ठ महाविद्यालय असेल तर, तुम्ही स्वतःच सोडता.

शाळा आज ना उद्या सोडायचीच आहे, म्हणून दाखल्याचं आत्ताच बोलते. मुख्याध्यापिका म्हणून सर्वात जास्त रडवेले पालक मी या एका कागदासाठी पाहिले. मुलगी शाळेत असतानाच जनरल रजिस्टरमधली तिची नोंद डोळ्यांनी बघून घ्या: नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, जन्मठिकाण, धर्म, जात. माध्यमिक शाळा संहितेच्या नियमाप्रमाणे शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने दुरुस्ती होते, पण मूल शाळेत असताना. दाखला घेऊन बाहेर पडल्यावर तीच दुरुस्ती फार अवघड होऊन बसते. जातीच्या रकान्यावर आपल्या अनेक कुटुंबांत कुजबुज चालते, मोकळेपणाने कुणी बोलत नाही. मी बोलते, कारण नुकसान मुलांचं होतं. पूर्वज अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झाले असतील, तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, पण महाराष्ट्रात अशा कुटुंबांना इतर मागासवर्गात धरलं आहे. त्यासाठी जातीचा दाखला लागतो, आणि दाखल्यासाठी कुटुंब १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीपासून महाराष्ट्रात असल्याचा पुरावा. तो पुरावा ठाण्यात मिळणार नाही. तो सासूबाईंच्या माहेरच्या आणि सासरच्या गावात आहे: सासऱ्यांच्या शाळेची नोंद, गावच्या मंडळीतली बाप्तिस्म्याची जुनी वही. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं, त्यामुळे कित्येक गावांत शाळा आणि देऊळ (म्हणजे चर्च) एकाच आवारात उभे राहिले, आणि त्या वह्यांत तीन-तीन पिढ्यांची नावं आहेत. आजोबा कोणत्या गावच्या शाळेत होते, तेव्हा आडनाव कसं लिहीत, पाळक (मंडळीचे धर्मगुरू) कोण होते, हे सासूबाईंना आठवतंय तोवर लिहून घ्या. या उन्हाळ्यात त्यांना घेऊन गावी जाऊन या. हे काम शाळेच्या निवडीइतकंच महत्त्वाचं आहे, आणि ते लांबणीवर टाकण्यासारखं नाही.

मुलाचं सोपं आहे. पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत, ती होतात. बहिणीच्याच शाळेत अर्ज करा. भावंड असल्याचा आणि सभासद कुटुंब असल्याचा, दोन्हीचा विचार अशा शाळा करतात. बाप्तिस्म्याचा दाखला आणि पाळकसाहेबांचं पत्र मागतील, आधीच तयार ठेवा. इथे एक गोष्ट मनापासून सांगते. ते पत्र सभासदत्वाचं असतं. खजिनदार म्हणून हिशेब ठेवले, संडे स्कूल घेतली, त्याचा मोबदला म्हणून ते मिळत नाही आणि मागूही नये. प्रवेशासाठी सेवा धरणारी आणि प्रवेश झाल्यावर सोडणारी कुटुंबं मुलांना दिसतात. मुलं विसरत नाहीत.

दुसरा पर्याय म्हणून नवी मुंबईची शाळा बघायची असेलच तर जाहिरातीतल्या ‘सीबीएसई पॅटर्न’ या शब्दांवर जाऊ नका. संलग्नता क्रमांक आणि यूडायस (शाळेचा सरकारी) क्रमांक मागा, बोर्डाच्या संकेतस्थळावर ताडून पाहा. ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही महापालिकांचे शिक्षण विभाग प्रवेशाच्या हंगामाआधी अनधिकृत शाळांची यादी जाहीर करतात, ती वाचा. नवी मुंबई महापालिकेच्या स्वतःच्या सीबीएसई शाळाही आहेत, नणंदेला त्या माहीत असतील. फी किती ते तोंडी विचारू नका. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मंजूर केलेला फीचा तक्ता असतो, तो दाखवा म्हणा. शाळेची परिवहन समिती आहे का आणि बसमध्ये बाई असते का, हेही २०११ च्याच स्कूल बस नियमांत आहे. पहिलीच्या मुलाची मुलाखत किंवा चाचणी घेणं शिक्षण हक्क कायद्याने बंद आहे, पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत दंड आहे. पण लक्षात घ्या, सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा त्या कायद्याच्या बाहेर आहेत. म्हणून पंचवीस टक्के मोफत प्रवेशाचा अर्जही तिथे चालत नाही. दीर जे ‘आरटीईतून बघा’ म्हणाले ते तुमच्या शाळेला लागू नाही.

मराठीबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, तरी लिहिते. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. पण इंग्रजी माध्यमाच्या शाळेतली मराठी आठवड्याच्या काही तासांपुरती. तुमच्या मुलांना गीतांचं पुस्तक उघडून तिसरं कडवं आजीच्या वेगाने वाचता येतं का? बायबलमधला स्तोत्राचा उतारा उपासनेत उभं राहून वाचता येतो का? माझ्या संडे स्कूलमध्ये इंग्रजी शाळेतली मुलं वाचनाची पाळी आली की मागच्या बाकावर सरकायची. त्यांना आम्ही दर रविवारी चारच ओळी वाचायला द्यायचो, आठवडाभर आधी सांगून. वर्षाच्या आत ती पुढे यायला लागायची. शहरात वाढणाऱ्या मुलाला चांगल्या, वजनदार मराठीचा कान देणारी फार ठिकाणं उरलेली नाहीत. मराठी उपासना हे त्यांतलं एक आहे. नवी मुंबईत इंग्रजी, मल्याळी, तमिळ उपासना सहज सापडतात, मराठी शोधावी लागते. मंडळी बदलण्याचा विचार करताना हे जमेस धरा.

आता घर. कामोठ्याला नणंद आहे, मानसरोवर स्टेशन जवळ आहे, भाडंही परवडेल. पण तिथून ठाणे गाठायला पनवेल लोकलने तासाच्या आसपास जातो, आणि तुमची नोकरी, मुलीची शाळा, मुलाची शाळा, मंडळी, चारही ठाण्यात. एकट्या यजमानांसाठी तिघांनी रोज हा प्रवास का करायचा? मानपाड्यालाच राहिलात तर घोडबंदर रोड, मग कळवा-विटावा किंवा मुलुंड-ऐरोली पूल, असं करत यजमान रोज रडकुंडीला येतील हेही मला दिसतं. म्हणून मधलं ठिकाण बघा. ठाणे-वाशी मार्गावर ठाण्यानंतर दिघा गाव आणि मग ऐरोली. दहा-बारा मिनिटांत ठाणे स्टेशन, उलट्या दिशेला कोपरखैरणे तेवढंच, आणि तिथून महापेला बस किंवा शेअर रिक्षा. कळवा किंवा कोपरीही चालेल. यजमान कायम झाले की अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने घ्या, मानपाड्याचं घर भाड्याने द्या, विकू नका. मुलीला शाळेच्या दाखल्यावर सवलतीचा पास मिळेल. नववी-दहावीतली मुलगी लेडीज डब्यातून दोन स्टेशनं मजेत जाते. पहिलीतल्या मुलाला मात्र रोज लोकलने नेणं कठीण, त्यामुळे त्याच्या जाण्यायेण्याची सोय तुमच्या ड्यूटीच्या वेळेशी जुळेल असंच घर घ्या. ती जुळत नसेल तर पुढची दोन वर्षं मानपाड्यातच काढा आणि यजमानांना कंपनीच्या बसच्या मार्गावर नाव नोंदवायला सांगा. दहावी संपते मार्च २०२८ मध्ये. ती दोन वर्षं वडिलांनी प्रवास केला तर मुलीची दहावी एका जागी होते. हा सौदा मला योग्य वाटतो.

ऐरोलीला गेलात तर रविवारचं गणित आधीच मांडून ठेवा. ट्रान्स-हार्बरवर (याच ठाणे-वाशी मार्गावर) रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद, असला की तो बहुधा अकराच्या सुमारास सुरू होतो. सकाळच्या उपासनेला जाताना गाडी मिळते, परतताना नाही. ब्लॉकचं वेळापत्रक एक-दोन दिवस आधी येतं. त्या रविवारी सासूबाईंना घेऊन विटाव्यामार्गे रिक्षाने या, किंवा ठाण्यातल्या कुणा सभासदाकडे दुपारचं जेवा. आमच्या मंडळीत अशा जेवणांतून जितक्या ओळखी पक्क्या झाल्या तितक्या कोणत्या कार्यक्रमातून झाल्या नाहीत.

सेवेचं बोलते. तुमच्या पत्रात अपराधीपणा जाणवला: कामं सोडली तर पाळकसाहेब काय म्हणतील, धरून ठेवली तर घर काय म्हणेल. ताई, सेवा म्हणजे पद नव्हे. यजमानांना शिफ्ट आहे, खजिनदाराचं काम त्यांच्याकडून नीट होणार नाही. दानाचे पैसे रविवारीच मोजायचे असतात, दोघांच्या सह्या लागतात, सोमवारी बँकेत भरायचे असतात. रात्रपाळी करून आलेल्या माणसाकडून त्यात चूक झाली तर ती चूक म्हणून कुणी बघत नाही, संशय म्हणून बघतात. त्यांनी हे पद सोडावं असं माझं स्पष्ट मत आहे. पण आज निरोप पाठवून नाही. वार्षिक सभेपर्यंत सांभाळावं, आत्ताच पाळकसाहेबांना आणि सचिवांना लेखी कळवावं, समितीला दुसरा माणूस सुचवावा, तीन महिने त्याला बरोबर बसवावं, आणि तपासलेले हिशेब सभेत मांडून पावती पुस्तकं, पासबुकं, किल्ल्या यादी करून सही घेऊन सोपवाव्यात. असं पद सोडणाऱ्याबद्दल मागून कुणी बोलत नाही. त्यानंतर ज्या रविवारी सुट्टी असेल त्या रविवारी शास्त्रवाचन करावं, दाराशी उभं राहून लोकांचं स्वागत करावं, नाताळात सजावटीला हात लावावा. बाबा मंडळीत काहीतरी करतात, एवढं मुलांना दिसलं पाहिजे.

तुम्ही संडे स्कूल सोडू नका. वर्ग एकट्याने घेऊ नका मात्र. प्रत्येक वर्गाला दोन शिक्षिका, एकाआड एक रविवार, आणि धड्याची वही एकच, म्हणजे मागच्या वेळी काय झालं ते पुढचीला कळतं. नर्स, पोलीस, रेल्वेतल्या बायका आमच्याकडे अशाच जोडीने वर्षानुवर्षं शिकवत आल्या. ड्यूटीचा तक्ता आला की त्याच दिवशी जोडीदारणीला कळवायचं, शनिवारी रात्री नाही. उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), ईस्टर आणि नाताळचा कार्यक्रम या तीन वेळा रजा आधीच टाकून ठेवा. रुग्णालयात इतर मैत्रिणींची दिवाळी आणि ईद तुम्ही सांभाळलीत तर त्या तुमचा नाताळ सांभाळतात.

मुलीच्या दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा, म्हणजे आपला विश्वास स्वतः मंडळीसमोर कबूल करण्याच्या विधीचा) वर्गही याच काळात येतो. तो तिने नववीत, तिच्याबरोबर वाढलेल्या मुलामुलींसोबत, याच मंडळीत करावा. दहावीच्या वर्षात नको. मधेच मंडळी बदलली तर ती अनोळखी वर्गात मागे बसून धडे पाठ करेल. ज्यांनी तिला पाळण्यापासून पाहिलं त्यांच्यासमोर उभं राहून ‘हो, हा माझा विश्वास आहे’ म्हणणं, याला तोड नाही.

आणि पुढे कधी खरोखरच नवी मुंबईत स्थायिक झालात तर न सांगता जाऊ नका. सभासदत्वाचं पत्र घ्या. तुमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची (सीएनआय) आहे, आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात हे एकीकरण झालं तेव्हापासून काँग्रिगेशनल, प्रेसबिटेरियन, अँग्लिकन, बाप्टिस्ट अशा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या त्यात एकत्र आहेत. त्यामुळे सीएनआयच्या दुसऱ्या मंडळीत पत्रावर नाव चढतं. मेथडिस्ट किंवा इतर मंडळीत जायचं असेल तर तिथले पाळक सांगतील तसं करावं लागेल. दृढीकरण, लग्न, दफनभूमीतली जागा, या सगळ्याला हा कागद लागतो. सासूबाईंचं नाव मात्र, त्या म्हणत नाहीत तोवर, ठाण्यातून हलवू नका. सासरे याच मंडळीच्या दफनभूमीत आहेत असं तुम्ही लिहिलंय, तेवढं कारण पुरेसं आहे.

नणंदेला वाईट वाटेल ही तुमची काळजी रास्त आहे. तिने मनापासून बोलावलंय. तिला नुसता नकार कळवू नका, कामाचं काहीतरी मागा: महापे आणि कोपरखैरणे तिच्या बाजूला आहे, यजमानांची रात्रपाळी संपून पाऊस-पाण्यात गाडी बंद पडली तर त्यांना तिच्याकडे झोपता येईल का, हे विचारा. मे महिन्यात मुलांना आठ दिवस तिच्याकडे ठेवा. आणि दिरांना सांगा, मुलीच्या अकरावीच्या अर्जाच्या वेळी महाविद्यालयांची यादी करायला आम्हाला तुम्हीच हवे आहात.

या महिन्यात करायचं ते एवढंच: शाळेत जाऊन मुलीची जनरल रजिस्टरमधली नोंद पाहा, मुलाचा अर्ज भरा, तुमचं नेमणुकीचं पत्र काढा, आणि यजमानांना पाळकसाहेबांशी बोलायला पाठवा. नोंदीत काही चुकलेलं दिसलं तर त्या पानावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून मला कळवा, दुरुस्तीचा अर्ज कसा लिहायचा ते सांगते.